नैराश्याची गोळी आणि लैंगिक तक्रारी: गुपचूप बंद करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३६. नैराश्यासाठी सात महिन्यांपासून एस्सिटालोप्राम घेतोय, आधी १० मिलिग्रॅम, नंतर २०. झोप, भूक, काम सगळं जागेवर आलं. पण संबंधाच्या वेळी कितीही वेळ गेला तरी वीर्यपतन होत नाही. आता इच्छाही कमी झाली आहे. बायकोला वाटतं माझं मन तिच्यावरून उडालं. डॉक्टरांसमोर हे बोलायला जीभ रेटत नाही. दोन आठवडे झाले, एक दिवसाआड गोळी घेतोय. डोकं गरगरतं, मध्येच झटका बसल्यासारखं होतं. गोळी बंदच करू का?"

आधी आजचं काम सांगतो. एक दिवसाआड घेणं थांबवा. गोळी ठरल्याप्रमाणे रोज घ्या आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या. एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. दिवसाआड घेतलं की ते सारखं चढतं आणि उतरतं. तुमचं गरगरणं आणि ते झटके त्या उतरण्याचे आहेत. यातून लैंगिक तक्रार तर सुटत नाहीच, वर आजार परत डोकं काढण्याचा धोका वाढतो. डोस कमी करायचा असेल तर तो रोजच्या गोळीतूनच, टप्प्याटप्प्याने करायचा असतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सांगितलेली तक्रार जवळजवळ नक्कीच गोळीची आहे. मी हे ठामपणे म्हणतो, कारण तिचा क्रम तसाच आहे. नैराश्यात आधी इच्छा मरते आणि बाकी सगळं तिच्यामागून बिघडतं. तुमच्या बाबतीत मन सुधारत गेलं आणि नेमका शेवटचा टप्पा अडला. इच्छा त्यानंतर कमी झाली. दर वेळी काम अर्धवट राहणार हे शरीराला कळलं की ते त्या वाटेला जायचंच टाळतं. स्वतःशी एक ताडून पाहा: एकट्याने हस्तमैथुन करतानाही तेवढाच वेळ लागतो का? लागत असेल, तर अडथळा बायकोविषयीच्या भावनेत नाही, हे तुम्हालाही पटेल आणि तिलाही पटवता येईल.

असं का होतं, ते समजून घ्या. ही गोळी मेंदूत सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळत ठेवते. मनाच्या बाजूने ते हवंच आहे. काळजीची धार त्यानेच बोथट होते. पण सेरोटोनिन मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत लैंगिक प्रतिसादावर ब्रेकसारखंही काम करतं. इच्छा आणि उत्सुकता पुढे ढकलणारं डोपामिन त्यामुळे दबतं. वीर्यपतनाचा जो प्रतिक्षेप (शरीराची आपोआप होणारी क्रिया) असतो, त्याचा उंबरठा वर सरकतो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की शीघ्रपतनाच्या रुग्णांना याच गटातली औषधं मुद्दाम देतात. डॅपॉक्सेटिन हे औषध तर त्यासाठीच वापरात आलं. म्हणजे जे तुमच्यासाठी संकट आहे, तेच दुसऱ्या कुणासाठी उपचार आहे. आणखी एक: मन सुधारायला दोन ते सहा आठवडे लागतात, हा ब्रेक मात्र पहिल्या काही दिवसांतच लागू शकतो. त्यामुळे बऱ्याच जणांना औषधाचा पहिला अनुभव येतो तो हाच.

हे किती जणांना होतं? १९९७ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी या गटातली औषधं घेणाऱ्या ३४४ जणांची माहिती प्रसिद्ध केली. आपणहून तक्रार सांगणारे होते सुमारे १४ टक्के. त्यांनाच थेट प्रश्न विचारल्यावर आकडा गेला ५८ टक्क्यांवर. माझ्या दृष्टीने हे दोन आकडे या सगळ्या विषयाचं सार आहेत. मधले ४४ टक्के लोक गप्प होते. तेही तुमच्यासारखेच खुर्चीत बसून, "बाकी काही त्रास?" या प्रश्नावर "नाही, सगळं ठीक" म्हणून उठले असणार.

आणि त्या गप्प बसण्यात मोठा वाटा आमचा असतो. डॉक्टर म्हणून पहिली काही वर्षं मी हा प्रश्न विचारतच नव्हतो. झोप विचारायचो, पोट साफ होतं का विचारायचो, हात थरथरतात का ते पाहायचो. एक तरुण मुलगा माझ्याकडे यायचा, स्किझोफ्रेनियाचा. औषध चालू असलं की उत्तम, पण सहा-आठ महिन्यांनी गोळ्या सोडायचा आणि पुन्हा आवाज ऐकू यायला लागायचे. घरचे म्हणायचे हट्टी आहे. मी फाईलमध्ये 'औषधात अनियमित' असं लिहून मोकळा व्हायचो. तिसऱ्यांदा आजार उलटून तो बरा झाला, तेव्हा त्याची आई बाहेर गेल्यावर त्याने दप्तरातून भरलेल्या स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या, एकावर एक नीट रचून, रबर लावून. म्हणाला, "सर, ही गोळी घेतली की मला काहीच होत नाही. मी पुरुष आहे असंच वाटत नाही." तोवर दोन वर्षं गेली होती. औषध बदलल्यावर त्याने पुन्हा कधी गोळ्या सोडल्या नाहीत. पहिल्याच महिन्यात एक प्रश्न विचारला असता, तर त्या मुलाची ती दोन वर्षं वाचली असती. ते रबर लावलेलं पुडकं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला मी औषध सुरू करण्याआधीच विचारतो, "सध्या लैंगिक आयुष्य कसं आहे?" आधीची स्थिती माहीत असेल तरच नंतरचा बदल कळतो.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल, तर सुरुवात तुम्हाला करावी लागेल. जीभ रेटत नाही म्हणता, म्हणून वाक्यच देतो. आत गेल्या गेल्या, बसल्यावर पहिल्या मिनिटात म्हणा: "डॉक्टर, गोळी सुरू झाल्यापासून संबंधाच्या वेळी वीर्यपतन होत नाही. आणि मी मध्ये एक दिवसाआड गोळी घेतली." एवढंच. पुढचं विचारणं हे त्यांचं काम. तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून त्यांच्यासमोर सरकवा. माझ्याकडे असे कागद येतात आणि मला त्यांचा आदरच वाटतो. जाताना दाराशी उभं राहून सांगू नका, कारण तेव्हा उत्तरही दाराशी उभं राहूनच मिळतं. सोबत कुणी असेल तर "दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय" असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

जाण्याआधी थोडं टिपून ठेवा. तक्रार कधी सुरू झाली: १० मिलिग्रॅमवर असतानाच की २० झाल्यावर? यावर पुढचा सगळा निर्णय फिरू शकतो. पहाटे ताठरता येते का? मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांपैकी काही आहे का, त्यांच्या गोळ्या कोणत्या, दारू-सिगारेट किती, हेही. सगळा दोष मनाच्या गोळीवर टाकून मागे लपलेला मधुमेह नजरेआड झालेला मी पाहिला आहे. गरज वाटली तर डॉक्टर रक्तातली साखर, थायरॉइड आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगतील.

आता मार्ग. मार्ग आहेत, आणि मी ते कोणत्या क्रमाने विचारात घेतो ते सांगतो.

पहिला प्रश्न मी स्वतःला विचारतो तो हा, की या माणसाला औषध अजून किती काळ लागणार आहे. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटल्यापासून निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. तुम्ही एकूण सात महिने घेत आहात, पण पूर्ण बरं कधी वाटलं? तीन महिन्यांपूर्वी वाटलं असेल, तर साधारण तीनच महिने उरले आहेत, आणि शेवट दिसत असेल तर काही जण म्हणतात, "मग काढतो कळ." तोही एक रास्त निर्णय आहे. आधी दोन-तीन झटके येऊन गेले असतील तर मात्र औषध दोन वर्षं किंवा जास्तही लागू शकतं, आणि तेवढा काळ कुणालाही असं जगायला सांगणं मला पटत नाही.

नुसतं थांबून पाहू का, असं पुष्कळ जण विचारतात. मळमळ, डोकेदुखी दोन आठवड्यांत जाते, तसं हेही जाईल असं त्यांना वाटतं. काही थोड्या लोकांमध्ये ते आपोआप ओसरतं, पण सहा महिने उलटूनही तक्रार तशीच असेल तर मी त्या भरवशावर बसत नाही.

डोस कमी करणं हा तुमच्यासाठी मला सर्वांत आधी विचारात घेण्यासारखा मार्ग वाटतो. हा परिणाम बऱ्याच अंशी डोसवर अवलंबून असतो. १० वर मन पुरेसं सावरलं होतं का, की २० केल्यावरच फरक पडला? याचं उत्तर 'दहावर बरंच बरं होतं' असं असेल, तर २० वरून १५ आणि मग १० असं काही आठवड्यांत उतरता येतं. मात्र उतरताना पहाटे लवकर जाग येणं, जुने विचार परत घोळणं, कामात मन न लागणं यावर डोळा ठेवायचा, आणि शक्यतो बायकोलाही ठेवायला सांगायचं. आजार परत येताना तो माणसाच्या आधी घरच्यांना दिसतो.

आठवड्याच्या शेवटी दोन दिवस गोळी न घेण्याची युक्ती तुमच्या वाचनात आली असेल. १९९५ साली तिच्यावर एक छोटा अभ्यास झाला. सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला, फ्लुओक्सेटिनवाल्यांना नाही, कारण फ्लुओक्सेटिन शरीरात अनेक दिवस टिकून राहतं. मी स्वतः ही युक्ती सुचवत नाही. ज्या औषधांवर ती चालते, तीच औषधं अचानक थांबवल्यावर गरगर आणि झटके देतात. शिवाय "गोळी सोडली तरी चालतं" ही सवय एकदा लागली की शनिवार-रविवारचा आठवडा व्हायला वेळ लागत नाही.

डोस कमी करणं शक्य नसेल तर औषध बदलता येतं. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनला हात लावत नाही, डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं, त्यामुळे लैंगिक त्रास बराच कमी. पण ज्यांना फिट येतात किंवा खाण्याचे विकार आहेत त्यांना ते देत नाहीत, आणि मंत्रचळ किंवा पॅनिकचे झटके हा मुख्य आजार असेल तर त्याचा भरवसा नाही. मिर्टाझापिनही या बाबतीत सौम्य, पण झोप आणि वजन वाढवतं. वजन आधीच जास्त असलेल्याला मी ते सहसा देत नाही. व्होर्टिऑक्सेटिन सेरोटोनिनवरच काम करतं, तरी त्याचा त्रास कमी डोसमध्ये कमी असतो. जुन्या औषधाने आजार आटोक्यात आला होता पण लैंगिक त्रास होत होता, अशा लोकांना एका चाचणीत व्होर्टिऑक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम दिलं गेलं. व्होर्टिऑक्सेटिनवर गेलेल्यांची लैंगिक सुधारणा अधिक होती. अ‍ॅगोमेलाटिन हाही एक पर्याय, त्यात यकृताची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते. प्रत्येक बदलात एक जोखीम असते आणि ती मी रुग्णापासून लपवत नाही: ज्या औषधाने तुम्ही बरे झालात ते सोडून, तुमच्यावर काम करेल की नाही हे अजून सिद्ध न झालेल्या औषधावर तुम्ही जात असता. नैराश्य जीवघेण्या थराला गेलं होतं, अशा रुग्णाच्या बाबतीत मी चालतं औषध सहजी हलवत नाही.

तिथे मग जोडीला काहीतरी देण्याचा मार्ग उरतो. चालू गोळीच्या जोडीला ब्युप्रोपिऑन, किंवा ताठरता कमी झाली असेल तर सिल्डेनाफिल. नैराश्याच्या गोळ्यांमुळे झालेल्या तक्रारीवर सिल्डेनाफिलचा उपयोग पुरुषांमध्ये २००३ साली आणि स्त्रियांमध्ये २००८ साली चाचण्यांतून दिसला. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दुकानातून परस्पर घेऊ नका, एवढ्याचसाठी सांगतो. आणि तुमची अडचण ताठरतेची नसून वीर्यपतनाची असल्यामुळे ते तुमचं पहिलं औषध नाही.

हे उत्तर वाचणाऱ्यांत स्त्रियाही असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ही तक्रार पुरुषांची आहे असा समज डॉक्टरांमध्येही आहे, आणि तो चुकीचा आहे. स्त्रियांना इच्छा न होणं, योनी कोरडी राहणं, सुखाच्या कळसापर्यंत न पोचणं हे सगळं याच गोळ्यांनी होतं. "मला काही जाणवतच नाही, मी फक्त उरकते," असं एकीने सांगितलं होतं. तिची गोळी चार वर्षं चालू होती आणि चार वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगण-जेल हा साधा उपाय, पण बाकीचं वर सांगितलं तसंच: डोस, बदल, जोड.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरसाठीच्या औषधांची कहाणी थोडी वेगळी आहे. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अ‍ॅमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधं डोपामिन अडवतात. पियूषिका ग्रंथीवर डोपामिनचा जो लगाम असतो, तो सैल होतो आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. इच्छा जाते, पाळी लांबते किंवा थांबते, पुरुषांची छाती वाढते, ताठरता कमी होते. एका बाईंच्या कपड्याला छातीपाशी ओल येऊ लागली होती. आठ महिने पाळी नव्हती, बाळ लहान नव्हतं, आणि दूध येत होतं. त्यांनी मनाशी कॅन्सरच धरला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आधी गर्भ नाही याची खात्री केली, मग प्रोलॅक्टिन तपासलं, ते कितीतरी पट वाढलेलं निघालं. औषध हळूहळू अ‍ॅरिपिप्राझोलवर नेलं. काही महिन्यांत पाळी परत आली. अशा वेळी मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: प्रोलॅक्टिन उतरलं की बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते, म्हणून मूल नको असेल तर पाळीची वाट न पाहता गर्भनिरोधक सुरू करा. प्रोलॅक्टिन वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं तर हाडंही ठिसूळ होतात, त्यामुळे "पाळी नाही तर बरंच झालं" म्हणून ते सोडून देऊ नये. क्वेटियापिन आणि क्लोझापिन प्रोलॅक्टिन फारसं वाढवत नाहीत. उलट बाजूही माहीत असावी: अ‍ॅरिपिप्राझोलने क्वचित लैंगिक ओढ आवरेनाशी होते, जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. तसं झालं तर लाजू नका, तोही औषधाचाच परिणाम असतो.

एक तातडीची गोष्ट. ट्रॅझोडोन किंवा क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांवर असताना ताठरता चार तासांहून जास्त टिकली, दुखत असली, तर ती कौतुकाची गोष्ट नव्हे. रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. उशीर झाला तर इंद्रियाला कायमची इजा होते.

इंटरनेटवर तुम्ही आणखी एक भीती वाचली असेल, की गोळी बंद केल्यावरही त्रास जात नाही. बहुतेकांचा त्रास औषध थांबल्यावर जातो. पण थोड्या लोकांमध्ये तो रेंगाळतो, जननेंद्रियाची संवेदना बधिर राहते, हेही खरं आहे. २०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गटाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला सांगितली. असं सांगणाऱ्या रुग्णाला "तुमच्या मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं. तुमच्या बाबतीत मात्र आत्ता ही भीती पुढे आणून घाईघाईने औषध तोडण्याचं कारण नाही.

आता बायकोबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त दुखणारं वाक्य तेच वाटलं. ती रात्री कूस बदलून काय विचार करत असेल, याची कल्पना करा. तिला कारण माहीत नाही, म्हणून ती स्वतःलाच कारण समजते. आज रात्री, आणि अंथरुणात नव्हे, दिवा चालू असताना तिला सांगा की ही गोळी हे करते, एकट्याने असतानाही हेच होतं (तसं होत असेल तर), आणि डॉक्टरांना सांगायचं ठरलं आहे. पुढच्या भेटीला ती आली तर फारच चांगलं. तोवर वीर्यपतनापर्यंत पोचलंच पाहिजे ही अट दोघांनी मिळून बाजूला ठेवा. अर्धा तास झटून, घामाघूम होऊन, शेवटी दोघंही हिरमुसून झोपण्यापेक्षा नुसती जवळीक बरी. परीक्षेचं दडपण गेलं की थोडी इच्छा परतते, हे मी अनेक जोडप्यांमध्ये पाहिलं आहे.

डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर फरक कळायला साधारण दोन ते चार आठवडे द्या. तारीख लिहून ठेवा. सहा आठवड्यांनीही तसंच असेल तर पुन्हा जा आणि पहिल्या मिनिटात तेच वाक्य पुन्हा म्हणा. एका मार्गाने जमलं नाही तर पुढचा घ्यायचा असतो. आणि मधल्या काळात जगणं नकोसं वाटण्याचे विचार परत आले, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.